अमरनाथच्या खात्याची चुगली

१

अमरनाथ बिरादारचं बँकेचं खातं बंद पडलं आणि त्यात त्याच्या आईचं ऑपरेशन अडकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं कोणीही शहाणा माणूस म्हणेल. पुनम मळगेही तसंच म्हणाली होती. मग ती उदगीरला गेली.

पुनम लातूरची सीए. अमरनाथचे कराचे कागद तीच बघायची. अमरनाथ लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवत असे. बायकोला, अक्षराला, जर्मनीत लाइपझिगच्या एका दवाखान्यात नोकरी लागली तसा तोही तिकडे गेला. पण पोरांना त्याच्याशिवाय करमेना, म्हणून क्लासनं त्याला सोडलं नाही. तो लाइपझिगच्या थंडीत पहाटे उठायचा, स्वेटरवर स्वेटर चढवायचा आणि पडद्यावरून लातूरच्या पोरांना शिकवायचा. राहायला तिकडे, नोकरी इकडे आणि पगार उदगीरच्या बँकेत, असा सगळा कारभार होता.

पुनमनं त्याला तेव्हाच बजावलं होतं. "सर, खातं अनिवासी करून घ्या. जिथं बसून काम करता तिथला कर आधी बघावा लागतो. तिकडचा आरोग्यविमा काढा. इकडची आई-वडिलांची क्लासची पॉलिसी चालू राहील का, तेही विचारून घ्या." अमरनाथनं विम्याचं दोन्हीकडचं काम चोख केलं, कराचंही मार्गी लावलं. खात्याचं मात्र "करू की मॅडम, पुढच्या महिन्यात" असं चाललं होतं. शिकवणारी माणसं स्वतःचा गृहपाठ कधी वेळेवर करत नाहीत. कागद होईपर्यंत गावात कुठं बोलू नका, एवढं त्यानं घरच्यांना निक्षून सांगितलं होतं.

आणि एके दिवशी बँकेचं पत्र आलं. 'आपण सध्या बर्लिन, जर्मनी येथे वास्तव्यास असल्याचे समजते. खात्याचे स्वरूप बदलेपर्यंत व्यवहार थांबवण्यात येत आहेत.'

खात्याची पुनमला काळजी नव्हती. ते काम तिनं हाती घेतलंही होतं. काळजी उमाबाईंची होती.

उमाबाईंच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती, क्लासच्या पॉलिसीची मंजुरी आली होती, दारात गाडी उभी राहिली होती. आणि उमाबाई पलंगावरून उठायलाच तयार नव्हत्या.

"लेकीला ह्या दारातून फिरवलं ह्यांनी," त्या पुनमला म्हणाल्या. बोलताना दम लागत होता, तरी आवाज पक्का होता. "मला दवाखान्याला न्यायला आली होती माझी आरती. ह्यांनी उंबऱ्यात अडवलं. म्हणे, तुझ्या नवऱ्यानं बँकेत चुगली केली. त्याच उंबऱ्यावरून मी न्हाई निघायची."

"काकू, डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका."

"मला ठावं हाय काय म्हणतात ते." उमाबाईंनी पुनमचा हात धरला. "तू हिशेबाची हायस. तू शोध, बँकेला कोण बोललं ते. आमचा जावई वैजनाथ असंल तर मी गप जाते, एक शब्द बोलणार न्हाई. पण तो नसंल, तर ह्यांनी लेकीच्या दारात जायचं. मग मी निघते."

पुनमनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण उमाबाईंची बोटं बर्फासारखी गार लागत होती, आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं.

२

उमाबाईंचे यजमान शिवलिंगअण्णा पुढच्या खोलीत बसले होते. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढराशुभ्र सदरा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. अण्णांचा शब्द मोंढ्यात चालतो, आणि घरात तर फक्त अण्णांचाच चालतो, असं लोक हसून म्हणत.

"शोधायचं काय त्याच्यात?" अण्णा म्हणाले. "दिवाळीला माझ्या तोंडावर बोलला की वैजनाथ. 'अमरनाथला सगळं मोकळं, नियम काय ते इथं राहणाऱ्यांनीच पाळायचे.' आन् विम्याचा एजंट हाय तो. लातूरहून कामाला आला की बँकेतच चहा पितो. मॅनेजरच्या खुर्चीला खुर्ची लावून."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"चोराला काय विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?"

"आणि तुम्ही स्वतः? कधी बोलता बोलता कुणाला..."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "विभूती लावून सांगतो पुनमताई. पोरगा बर्लिनला बसून पोटाला मिळवून राहिला, अन् मी त्याच्या पायावर धोंडा घालीन का? ह्या तोंडानं एका माणसाला सांगितलं न्हाई."

पुनमला ते खरं वाटलं. आयुष्यभर खोटं ऐकून घ्यायचाच तिचा धंदा होता, आणि हे त्यातलं नव्हतं.

ती बँकेत गेली. अमरनाथचं अधिकारपत्र तिच्याकडे होतंच. शाखेत नवीन मॅनेजर आले होते. पत्र पाठवणारे साहेब नुकतेच बिलोलीला बदलून गेले होते. नव्या साहेबांनी फाईल चाळली, परत चाळली आणि मान हलवली.

"तक्रार अशी काही नाहीच मॅडम. अर्ज नाही, निनावी चिठ्ठी नाही. साहेबांनी आपणहूनच कार्यवाही केलेली दिसते."

पुनमनं तिथूनच बिलोलीला फोन लावला. जुने साहेब नियमाला पक्के निघाले. "ग्राहकाच्या खात्याबद्दल मी फोनवर बोलत नाही," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

म्हणजे कोणी तक्रार केली नव्हती, आणि तरीही बँकेला कळलं होतं. वाऱ्यानं तर काही सांगितलं नसणार.

३

वैजनाथवर राग असलेले अण्णा एक. पण अण्णांवर राग असलेलाही एक जण गावात होता. केरबा. त्याचं आडतीचं दुकान अण्णांच्या दुकानाच्या बरोबर समोर. गटाराच्या एका फरशीवरून दोघांचं असं बिनसलं होतं की शेतकऱ्यांनाही कुठल्या बाजूनं चालावं याचा विचार पडायचा.

केरबा तुरीच्या पोत्याला टेकून बसला होता. बिरादारांचं नाव काढताच त्यानं तोंड वाकडं केलं.

"अमरनाथ? तो तर दुबईला हाय ना? पेट्रोलच्या कंपनीत."

"दुबईला?"

"मग कुठं? आपल्या भागातली पोरं परदेशी म्हणजे दुबईलाच जातात. मला काय करायचंय ताई त्याच्याशी? मी त्या माणसाकडं बघतबी न्हाई. इथं समोर त्याचंच तोंड, चौकात गेलं तर तिथंबी त्याचंच तोंड. महिना-दीड महिना मी मान खाली घालून चाललो बघा. मानंला रग लागली."

तेवढ्यात हमालांनी काटा लावला आणि केरबा उठून गेला. पुनमनं मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. ज्याला अमरनाथ दुबईला आहे असं वाटतं, तो बँकेला जर्मनी सांगणार नाही. मानेच्या रगेचं बोलणं तिनं म्हाताऱ्या माणसाची कुरकुर म्हणून सोडून दिलं. तिथंच ती चुकली होती.

४

लातूरला परतल्यावर ती आधी क्लासमध्ये गेली. तिथले हिशेब दयानंद सांभाळायचा. दयानंदच्या मेहुण्याला अमरनाथच्या जागेवर यायचं होतं, हे क्लासमधल्या चहावाल्यालाही माहीत होतं. म्हणजे कारण होतं.

दयानंदनं काहीच लपवलं नाही. "हाव मॅडम, मला वाटतं की सरांनी आता जागा सोडावी. पण त्याच्यासाठी खातं कशाला बंद पाडू? पगार अडकला की सर मलाच फोन करतात. सकाळपासून चार झाले." त्यानं कपाळाला हात लावला. "आन् ते लाइपझिग! प्रत्येक कागदावर मीच लिहितो ते. जोडाक्षरानं हात मोडला माझा."

पुनमला हसू आलं. हा माणूसही नव्हता.

उरला वैजनाथ. संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. दार वैजनाथनंच उघडलं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. पुनमचं नाव ऐकून तो आवाज थांबला, पण आरती बाहेर आली नाही.

"बँकेत चहा प्यायचो, हे खरं हाय," वैजनाथ म्हणाला. "पण दिवाळीपासून मी उदगीरला फिरकलोबी न्हाई. दिवाळीला बोललो, हेबी खरं. माझी बोलायची रीतच वाईट हाय ताई. पण मी तोंडावर बोलतो, पाठीमागं जाऊन न्हाई. मामांनी एकदा विचारलं असतं, 'वैजनाथ, तू केलंस का?' तर मी न्हाई म्हटलं असतं, अन् मिटलं असतं. विचारलंबी न्हाई हो. मला न्हाई, अन् हिलाबी न्हाई. आई आजारी असताना हिला दारातून परत लावलं."

पुनमला वाटलं, हा खोटं बोलत असेल तर मी धंदा बंद करावा. पण वाटण्यानं उमाबाई उठणार नव्हत्या. अण्णांच्या हातावर ठेवता येईल असं काहीतरी हवं होतं.

तिनं मोबाईलवर बँकेचं पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "तुम्ही हे वाचलंय?"

"मला कोण दाखवतंय?" त्यानं मोबाईल घेतला, ओठ हलवत वाचलं आणि भुवया वर केल्या.

"बर्लिन? बर्लिनला कोण राहतंय?"

पुनम खुर्चीत ताठ झाली.

"अमरनाथ लाइपझिगला हाय की," वैजनाथ म्हणाला. "संक्रांतीच्या आधी मीच पार्सल पाठवलं. हिनं केलेला काळा मसाला, शेंगाची चटणी, पापड. भांडण माझं, बहीणभावाचं न्हाई ना. कुरियरवाल्यानं पत्ता तीनदा लिहून घेतला माझ्याकडून. बर्लिन कुणी सांगितलं बँकेला?"

५

दुसऱ्या दिवशी पुनम परत उदगीरच्या रस्त्याला लागली. गाडी चालवताना ती एकेकाला मनात समोर उभं करत होती. केरबाला वाटतं दुबई. दयानंद लिहितो लाइपझिग. वैजनाथ आणि आरती लाइपझिगलाच पार्सल पाठवतात. सगळ्या शोधात एकच माणूस बर्लिन म्हणाला होता. पोरगा बर्लिनला बसून पोटाला मिळवतो, असं म्हणणारे शिवलिंगअण्णा.

पण अण्णांनी विभूती लावून सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बँकेतही ते कित्येक महिन्यांत गेले नव्हते. मग त्यांच्या तोंडातलं बर्लिन बँकेपर्यंत पोचलं कसं?

ती थेट मोंढ्यात गेली. अण्णा आले नव्हते. दुकानासमोर तुरीच्या पोत्यांची थप्पी रचली होती आणि धूळ बसू नये म्हणून वर फ्लेक्सचा मोठा कपडा पसरला होता. उलटा, पांढरी बाजू वर. आपल्याकडे फ्लेक्स असा दोन जन्म घेतो. आधी चौकात मिरवतो, मग मोंढ्यात राबतो.

वारा सुटला आणि एक कोपरा उडाला. खालच्या बाजूनं अमरनाथ तिच्याकडे बघून हसला.

पुनम पुढे झाली. "जरा हे उलटा हो," तिनं हमालाला सांगितलं. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं कपडा उलटून पोत्यांवर अंथरला. मधोमध शिवलिंगअण्णा, गळ्यात हार, वर सोनेरी अक्षरांत 'अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुकांची रांग, केरबा सोडून मोंढ्यातले सगळे आडते टोप्या घालून. आणि त्यात पहिलाच, कोट घातलेला अमरनाथ. त्याच्या नावाखाली ठळक छापलं होतं: ह. मु. बर्लिन, जर्मनी.

"हा कुठं लावला होता?"

"चौकात की," हमाल म्हणाला. "लई दिवस होता. सगळ्या गावानं बघितला."

सगळ्या गावानं बघितला होता. म्हणून तर कोणी सांगितलं नव्हतं. केरबा मान खाली घालून का चालला, ते तिला आता कळलं. वाढदिवस दिवाळीनंतरचा, भांडणानंतरचा. लातूरला बोलावणंच गेलं नव्हतं आणि वैजनाथ तेव्हापासून कामालाही उदगीरला आला नव्हता, म्हणून त्यानं आणि आरतीनं तो बघितला नव्हता. उमाबाई दुखण्यानं घराबाहेर पडत नव्हत्या.

एक दुवा राहिला होता. तिनं बिलोलीला फोन लावला.

"मी तुम्हाला सांगितलं ना मॅडम, खात्याबद्दल..."

"खात्याबद्दल विचारतच नाही साहेब. उदगीरला तुमच्या केबिनच्या खिडकीतून काय दिसायचं, एवढंच सांगा."

साहेब हसले, अगदी मोकळं हसले. "चौक दिसायचा. जेवायला बसलो की समोर फ्लेक्स. एका गृहस्थांचा वाढदिवस मी महिनाभर जेवणाबरोबर साजरा केला. रोज वाचून तोंडपाठ झाला होता. आता डोळ्यांसमोर असलेलं न बघितल्यासारखं कसं करायचं, तुम्हीच सांगा."

६

अण्णा दुकानात आले तेव्हा पुनम थप्पीशेजारी उभी होती. स्वतःचा चेहरा पोत्यांवर पसरलेला बघून ते थबकले.

"बँकेला ज्यांनी सांगितलं, ते हे," पुनम म्हणाली.

अण्णांना आधी कळलंच नाही. तिनं एकेक सांगितलं. पत्रातलं बर्लिन, पार्सलावरचं लाइपझिग, बँकेच्या खिडकीसमोरचा फ्लेक्स. अण्णा ऐकत होते आणि त्यांची नजर पोराच्या फोटोवरून हलत नव्हती.

"मी सांगितलं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "हे काय सांगणं झालं? वाढदिवसाचा फ्लेक्स हाय. मित्रांनी लावला. फोटो मी दिले, नावं मी दिली. बाहेरगावी राहणाऱ्याच्या नावाखाली ह. मु. टाकावंच लागतं, लग्नपत्रिकेत न्हाई का टाकत? मला वाटलंच न्हाई..."

"अण्णा, बर्लिन का टाकलंत?"

म्हातारा ओशाळला. "लाइपझिग कुणाला कळतंय? लोक म्हणाले असते, पोराला कुठल्या खेड्यात नेऊन घातलं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "त्याला इथं राहावंसं वाटलं न्हाई पुनमताई. म्हटलं, गेलाच हाय तर निदान मोठ्या गावाला गेला असं दिसू दे."

पुनमला त्यांची फार कणव आली. पण तिकडे उमाबाई पलंगावर बसून होत्या.

"या रांगेत एक जण कमी आहे," ती म्हणाली. "जावयांचा फोटो नाही."

अण्णांनी मान खाली घातली. मुनीमाला दुकान बघायला सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या गाडीत जागा हाय का?"

लातूरच्या वाटेत त्यांनी घरी फोन लावला आणि उमाबाईंना म्हणाले, "लेकीकडं चाललो. गाडी बोलावून ठेव, आजच नांदेडला निघायचं." पलीकडून काय उत्तर आलं ते पुनमला ऐकू आलं नाही. अण्णा उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

जिना चढून त्यांनी बेल वाजवली. दार वैजनाथनं उघडलं. अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "बँकेला मीच सांगितलं. भर चौकात फ्लेक्स लावून सांगितलं, अन् आळ तुमच्यावर घेतला. विचारलंबी न्हाई तुम्हाला. ते जास्त चुकलं."

वैजनाथ गोंधळून गेला. भांडायची सवय असलेल्या माणसाला माफी कशी घ्यावी ते कळत नाही. "मामा, आत या की. पाणी तरी घ्या."

"पाणी नंतर," आतून आवाज आला.

आरती बाहेर आली. तिच्या हातात एक भरलेली बॅग होती, चेनजवळून थर्मासचं टोक दिसत होतं. वडिलांनी दारातून फिरवलं त्या दिवशी ती हीच बॅग घेऊन गेली होती. अण्णांनी ती ओळखली.

"अजून तशीच भरलेली हाय?" त्यांनी विचारलं.

"सोडलीच न्हाई," आरती म्हणाली. "तुम्ही न्यायला याल म्हणून न्हाई हं, बाबा. आईला कोणत्याबी वेळी न्यावं लागलं असतं म्हणून."

अण्णांनी बॅग घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दिली नाही. ती तिनं नवऱ्याच्या हातात दिली, आणि तो पुढे आलेला मोकळा हात धरून वडिलांना जिन्यावरून सावकाश खाली उतरवू लागली.